राज्यक्रांती असो की औद्योगिक क्रांती, अभ्यासाला बसताना आधी भाव विचारा

'फ्रेंच राज्यक्रांतीची कारणे लिहा' असा प्रश्न आला की बहुतेक उत्तरपत्रिकांत तीच चार वाक्यं सापडतात. राजा उधळा होता, जनता गरीब होती, विचारवंतांनी जागृती केली, लोकांनी बॅस्टिलचा तुरुंग फोडला. यातलं एकही वाक्य चूक नाही. पण राजे त्याआधीही उधळे होते आणि जनता पिढ्यान्‌पिढ्या गरीब होती. मग १७८९ मध्येच का? उत्तरपत्रिका इथे गप्प असते.

मी इचलकरंजीत माध्यमिक शाळेत इतिहास शिकवते. आठवीच्या पुस्तकात अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध, फ्रेंच राज्यक्रांती आणि औद्योगिक क्रांती थोड्याशा पानांत येऊन जातात. सीबीएसईच्या मुलांना नववीत थोडं जास्त मिळतं. दोन्हीकडे मुलं तारखा घोकतात आणि परीक्षा संपली की विसरतात. माझ्या वर्गातल्या पुष्कळ मुलांच्या घरची चूल सुतावर पेटते. कुणाचे वडील मागावर आहेत, कुणाची आई कांड्या भरते, कुणाचे आजोबा वहिफणीचं, म्हणजे मागाचे उभे धागे ओवायचं, काम करायचे. या मुलांना हिशेब कळतो. म्हणून मी हिशेबापासून सुरुवात करते, आणि तुम्ही कुठल्याही गावात शिकत असलात तरी तुम्हालाही तेच सांगेन. तारखेच्या आधी भाव विचारा. पाव काय भावानं होता, सूत काय भावानं होतं, मजुरी किती होती, कर कोण भरत होतं आणि कोण भरत नव्हतं.

पॅरिसच्या मजुराचा हिशेब

वहीचं एक पान कोरं घ्या. पॅरिसमधला साधा मजूर त्या काळी दिवसाला २० ते ३० सू कमवायचा. सू हे तिथलं नाणं. जेवणात मुख्य म्हणजे पाव. चार पौंडी पाव, म्हणजे आपल्या मापानं जवळजवळ दोन किलोचा, एरवी ८-९ सूला मिळायचा. १७८९ च्या सुरुवातीला त्याचा भाव साडेचौदा सूवर गेला. मजुरी २५ सू धरा आणि रोज एक पाव धरा. आधी कमाईचा तिसरा हिस्सा पावावर जात होता, आता निम्म्याहून जास्त जातो. रविवारी आणि सणाच्या दिवशी काम बंद, म्हणजे मजुरी बंद. पाव मात्र त्या दिवशीही लागतो. खोलीचं भाडं, सरपण, कपडे हे सगळं उरलेल्यात बसवून बघा. बसत नाही.

हा हिशेब फळ्यावर मांडला तेव्हा मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "बाई, मग लोकांनी कापड घेणंच बंद केलं असणार." तिच्या घरी चार माग आहेत. महागाईत मालाला उठाव नसतो हे ती रोज जेवताना ऐकते. आणि तिचा अंदाज बरोबर होता. पावातच पैसे संपल्यावर लोकांनी कापड घेणं सोडलं, आणि फ्रान्समधल्या विणकरांच्या गावांत काम थांबलं. त्यात आणखी एक गोष्ट होती. १७८६ मध्ये फ्रान्स आणि इंग्लंड यांच्यात व्यापाराचा करार झाला, जकात उतरली आणि इंग्लंडमधलं यंत्रावर कातलेल्या सुताचं स्वस्त कापड फ्रान्सच्या बाजारात आलं. म्हणजे इंग्लंडमधली औद्योगिक क्रांती फ्रान्समधल्या विणकराच्या घरात बेकारी होऊन शिरली, आणि दोन-तीन वर्षांत तिथे राज्यक्रांती झाली. पुस्तकात या दोन क्रांत्या वेगवेगळ्या मथळ्यांखाली असतात. तुम्ही त्या वेगळ्या ठेवू नका.

आता पावाचा भाव का वाढला ते लिहा. १३ जुलै १७८८ ला फ्रान्समध्ये प्रचंड गारपीट झाली आणि उभं पीक गेलं. त्यानंतरचा हिवाळा इतका कडक होता की नद्या गोठल्या. पीठ दळायच्या चक्क्या पाण्यावर चालायच्या. नदी गोठली की चक्की बंद. म्हणजे ज्याच्याकडे धान्य होतं त्यालाही पीठ मिळेना.

समोरच्या पानावर राजाचा हिशेब मांडा. सोळावा लुई १७७४ मध्ये गादीवर आला. इंग्लंडला धडा शिकवायचा म्हणून त्यानं अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात पैसा आणि सैन्य ओतलं. अमेरिका स्वतंत्र झाली, फ्रान्सच्या डोक्यावर कर्ज राहिलं. सरकारी खर्चाचा जवळजवळ निम्मा भाग नुसत्या कर्जाच्या हप्त्यांत आणि व्याजात जाऊ लागला. ज्यांच्याकडे मोठमोठ्या जमिनी होत्या त्या सरदार-धर्मगुरूंना 'ताय' हा मुख्य कर माफ होता. १७८७ मध्ये अर्थमंत्री कालोन यानं सगळ्यांच्याच जमिनीवर कर लावायची योजना मांडली, तर बड्या लोकांच्या सभेनं ती उडवून लावली. शेवटी राजाला एस्टेट्स जनरल ही सभा बोलवावी लागली. ती आधी १६१४ मध्ये भरली होती, म्हणजे मध्ये १७५ वर्षं गेली.

हे दोन हिशेब शेजारी शेजारी मांडलेत की 'राजा उधळा होता' हे वाक्य किती अपुरं आहे ते दिसतं. व्हर्सायच्या राजवाड्यावरचा खर्च कर्जाच्या व्याजापुढे फार लहान होता.

वर्गात मतदान घ्या, मग एस्टेट्स जनरल समजेल

हा भाग वाचून कळत नाही, करून कळतो. वर्गाचे तीन गट करा. पहिल्या दोन गटांत मोजकी मुलं, तिसऱ्या गटात उरलेला सगळा वर्ग. प्रश्न ठेवा: शाळेच्या सहलीचा खर्च सगळ्यांनी सारखा भरायचा की फक्त तिसऱ्या गटानं? आधी गटाला एक मत या पद्धतीनं मोजा. पहिले दोन गट एका बाजूला गेले की दोनास एक, प्रश्न संपला. मग माणशी एक मत मोजा. निकाल उलटतो.

५ मे १७८९ ला व्हर्सायमध्ये सभा भरली तेव्हा भांडण याच मुद्द्यावर होतं. सभेत तीन वर्ग होते: पहिला धर्मगुरूंचा, दुसरा सरदारांचा, तिसरा उरलेल्या सगळ्या जनतेचा. तिसऱ्या वर्गाचे प्रतिनिधी सुमारे ६००, बाकीच्या दोघांचे प्रत्येकी ३०० च्या आसपास. गटवार मत घेतलं तर ६०० लोकांना काही अर्थ नाही. १७ जूनला तिसऱ्या वर्गानं स्वतःला राष्ट्रीय सभा म्हणवून घेतलं. २० जूनला त्यांचं सभागृह कुलूपबंद सापडलं, म्हणून ते जवळच्या टेनिस कोर्टवर जमले आणि राज्यघटना केल्याशिवाय पांगणार नाही अशी शपथ घेतली. मतदानाचा खेळ झालेल्या वर्गाला टेनिस कोर्टची शपथ समजावून सांगावी लागत नाही. माझ्या वर्गात तिसऱ्या गटातली मुलं खरोखर चिडतात. तो राग निवू देऊ नका, लगेच वही उघडायला लावा.

एक तक्रार धरा आणि तिचा माग काढा

सभा भरण्याआधी गावोगावी लोकांकडून तक्रारींच्या वह्या लिहून घेतल्या होत्या. अशा हजारो वह्या आजही फ्रान्सच्या दफ्तरखान्यांत आहेत. त्यात मिठावरच्या कराबद्दल आहे, चर्चला द्याव्या लागणाऱ्या धान्याबद्दल आहे आणि कबुतरांबद्दलही आहे. मुलं इथे हसतात, म्हणून मी याच तक्रारीवर थांबते.

कबुतरखाना बांधायचा हक्क सर्वसाधारणपणे जहागीरदाराचा. त्याची शेकडो कबुतरं पेरणीच्या दिवसांत उडत शेतावर यायची आणि टाकलेलं बी टिपून जायची. शेतकऱ्यानं त्यांना मारायचं नाही, कारण ती साहेबांची. सशांचं आणि हरणांचं तसंच. शिकारीचा हक्क जहागीरदाराचा, पिकाची नासाडी शेतकऱ्याची. आपल्याकडच्या शेतकऱ्याला रानडुकरांबद्दल विचारा, ही तक्रार किती खरी असते ते तो सांगेल. आता ४ ऑगस्ट १७८९ च्या रात्री राष्ट्रीय सभेनं सरंजामी हक्क रद्द करायचं ठरवलं, त्यानंतर काढलेला हुकूम बघा. त्यात कबुतरखान्याच्या हक्कासाठी स्वतंत्र कलम आहे आणि शिकारीच्या हक्कासाठीही स्वतंत्र कलम आहे. गावच्या वहीतली तक्रार सहा महिन्यांच्या आत देशाच्या कायद्यात उतरली. 'सरंजामशाही नष्ट झाली' हे वाक्य पाठ करण्यापेक्षा बी टिपणाऱ्या कबुतरापासून कायद्याच्या कलमापर्यंत एक रेघ ओढा. परीक्षेत ती रेघच लिहा.

घरी करायचं काम: तुमच्या गल्लीची किंवा गावाची तक्रारवही लिहून आणा. आजीला, दुकानदाराला, मागवाल्या काकांना विचारा. दहा तक्रारी झाल्या की प्रत्येकीपुढे लिहा, ही तक्रार कुणाकडे जायला हवी आणि सोडवायला पैसे कोण देईल. दुसरा रकाना भरताना मुलं अडतात. फ्रान्सच्या राष्ट्रीय सभेलाही तोच रकाना भरता येईना, आणि पुढच्या कितीतरी गोष्टी, चर्चच्या जमिनी ताब्यात घेणं, कागदी चलन काढणं, त्यातून घडल्या.

१४ जुलैबद्दल एकच सांगते. बॅस्टिलमध्ये त्या दिवशी फक्त सात कैदी होते. लोक कैदी सोडवायला गेले नव्हते. ११ जुलैला राजानं लोकांना हवा असलेला मंत्री नेकर याला काढलं, पॅरिसभोवती फौजा जमत होत्या, शहराला हल्ल्याची धास्ती होती. १४ तारखेला सकाळी जमावानं इनव्हालिद या लष्करी इमारतीतून बंदुका मिळवल्या, पण बंदुकीची दारू बॅस्टिलमध्ये होती. ते दारूसाठी गेले. कैद्यांची गोष्ट उत्तरात मुख्य कारण म्हणून लिहू नका.

जाहीरनामा वाचताना बाहेर कोण राहिलं ते लिहा

२६ ऑगस्ट १७८९ चा मानवी हक्कांचा जाहीरनामा सतरा कलमांचा आहे. मराठीत भाषांतर मिळेल ते घ्या आणि पेन्सिल हातात ठेवून वाचा. प्रत्येक कलमाच्या समासात लिहा: हे कुणाला लागू झालं, कुणाला नाही.

बायकांना नाही. त्याच वर्षी ५ ऑक्टोबरला पॅरिसच्या बाजारातल्या बायका पावासाठी पावसात व्हर्सायपर्यंत चालत गेल्या आणि दुसऱ्या दिवशी राजाला पॅरिसला घेऊन आल्या. क्रांतीला राजाच्या दारापर्यंत नेलं ते या बायकांनी, पण त्यांना मताचा हक्क मिळाला नाही. १७९१ मध्ये ओलांप द गूज हिनं बायकांच्या हक्कांचा जाहीरनामा लिहिला. नोव्हेंबर १७९३ मध्ये तिला गिलोटिनवर, म्हणजे शिरच्छेदाच्या यंत्रावर, चढवलं. फ्रेंच बायकांना मताचा अधिकार १९४४ मध्ये मिळाला. गरीब पुरुषांनाही पहिल्या घटनेत मत नव्हतं; तीन दिवसांच्या मजुरीएवढा कर भरणाऱ्यालाच मत.

सगळ्यात मोठं नाव आपल्या पुस्तकांत जवळजवळ येतच नाही, ते सेंट डोमिंग या फ्रेंच वसाहतीचं. आजचं हैती. फ्रान्सची साखर आणि कॉफी तिथून यायची आणि तिथे सुमारे पाच लाख माणसं गुलाम होती. 'माणसं जन्मतः स्वतंत्र आणि समान आहेत' हे पॅरिसमध्ये छापलं गेलं तेव्हा ती उसाच्या मळ्यात राबत होती. ऑगस्ट १७९१ मध्ये त्यांनी उठाव केला. फेब्रुवारी १७९४ मध्ये फ्रान्सला वसाहतींमधली गुलामगिरी रद्द करावी लागली. १८०२ मध्ये नेपोलियननं ती पुन्हा लादायला सैन्य पाठवलं, तूसँ लूव्हेर्त्यूर या गुलामांच्या नेत्याला पकडून फ्रान्सच्या थंड डोंगरी किल्ल्यात ठेवलं, तिथेच १८०३ मध्ये तो गेला. तरीही १ जानेवारी १८०४ ला हैती स्वतंत्र झाली. आणि इथेही हिशेब मागा. १८२५ मध्ये फ्रान्सनं हैतीला मान्यता देण्यासाठी १५ कोटी फ्रँक मागितले, आधीच्या मळेवाल्यांची नुकसानभरपाई म्हणून. गुलाम असलेल्यांनी स्वतःच्या सुटकेचे पैसे मालकांना द्यायचे! ते फेडता फेडता हैती कर्जात बुडाली. हे मी दरवर्षी शिकवते, अभ्यासक्रमात असो वा नसो. हैतीशिवाय फ्रेंच राज्यक्रांती शिकवणं मला अर्धवट वाटतं.

औद्योगिक क्रांती धोट्यापासून सुरू करा

यंत्रांची यादी पाठ करू नका. यादी पाठ केली की कुणी आधी, कुणी नंतर याचा घोळ होतोच, कारण ती यंत्रं अशी का आली हे माहीत नसतं. एका अडचणीतून एक यंत्र, त्या यंत्रातून नवी अडचण, असं लिहीत जा.

शक्य असेल तर एक धोटा हातात घ्या. आमच्याकडे जुन्या साध्या मागावर तो अजून चालतो. लाकडाचा, होडीसारख्या आकाराचा, दोन्ही टोकांना लोखंडी अणी, मध्ये पोकळीत सुताची कांडी. बाजूला चिनी मातीचं बारीक भोक असतं, त्यातून धागा बाहेर येतो. उभ्या धाग्यांचे दोन थर वर-खाली होतात आणि मधल्या फटीतून धोटा या पेटीतून त्या पेटीत जातो, आडवा धागा टाकतो, परत येतो. इंग्लंडमध्ये १७३३ पर्यंत विणकर धोटा हातानं फेकायचा. कापडाचा पन्हा आपल्या हातांच्या पोचेएवढा. त्याहून रुंद कापड विणायचं तर दोघं लागायचे. १७३३ मध्ये जॉन के यानं धोट्याला दोरीनं ओढून पळवायची सोय केली. एकाच माणसाला रुंद कापड विणता येऊ लागलं, तेही भराभर.

मग काय झालं असेल? हा प्रश्न मी वर्गाला विचारते आणि आमच्या मुलांना उत्तर माहीत असतं: सूत कमी पडलं. हातचरख्यावर सूत काढणाऱ्या बायका कितीही राबल्या तरी एका विणकराला पुरेसं सूत होईना. त्या अडचणीतून १७६४ च्या सुमारास जेम्स हारग्रीव्ह्‌जची जेनी ही कताईची चौकट आली, सुरुवातीला आठ चात्या एकदम फिरवणारी. ती घरात मावत होती. १७६९ मध्ये रिचर्ड आर्कराइटनं पेटंट घेतलेली सूतकताईची चौकट घरात मावत नव्हती, तिला पाण्याचा जोर लागायचा. म्हणून १७७१ मध्ये डर्बीशायरमधल्या क्रॉमफर्डला नदीकाठी गिरणी उभी राहिली, आणि माणसं कामासाठी यंत्राकडे जाऊ लागली. कारखाना जन्माला आला तो इथे, हे लक्षात ठेवा. १७७९ मध्ये सॅम्युअल क्रॉम्प्टनचं म्यूल हे कताईयंत्र आलं आणि बारीक, मजबूत सूत ढीगभर निघू लागलं. आता उलटं झालं. सूत भरपूर, विणकर कमी. हातमागवाल्यांची मजुरी चढली. त्यातून १७८५ मध्ये एडमंड कार्टराइटचा यंत्रमाग. तो सुधारून पसरायला पुढची तीस-चाळीस वर्षं गेली, आणि तो पसरल्यावर जे हातमागवाले काही काळ चांगलं कमवत होते त्यांचीच उपासमार झाली.

वाफेचं इंजिन या साखळीत शेजारून येऊन मिळतं. १७१२ मध्ये न्यूकमेनचं इंजिन कोळशाच्या खाणीतलं पाणी उपसायला आलं, पण ते कोळसा फार खायचं. जेम्स वॉटनं वाफ थंड करायची जागा वेगळी काढली, १७६९ मध्ये तिचं पेटंट घेतलं आणि कोळसा वाचवला. 'वॉटनं वाफेच्या इंजिनाचा शोध लावला' असं लिहिलंत तर मी गुण कापते.

कापड तयार झालं, पण कापूस कुठला? इंग्लंडमधल्या कापडगिरण्यांच्या लँकेशायरमध्ये कापूस पिकत नाही. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या मळ्यांत तो गुलामांकडून पिकवून घेतला जायचा. १७९३ मध्ये सरकी काढायचं यंत्र आलं आणि ती लागवड झपाट्यानं वाढली. आणि सुती कापडाची गोडी इंग्रजांना लागली कुठून? हिंदुस्थानच्या छापील कापडातून. ते तिथे इतकं खपू लागलं की त्यांच्या संसदेनं १७०० मध्ये आणि पुन्हा १७२१ मध्ये कायदे करून त्यावर बंदी घातली. बंदीच्या आडोशाला त्यांचा स्वतःचा धंदा वाढला, आणि पुढे तेच कापड आपल्या बाजारात आलं.

जमलं तर एखाद्या मागाच्या खात्यात शिक्षकांबरोबर जाऊन या. आधी मालकाची परवानगी घ्या, ओढणी बांधून घ्या, मागापासून हातभर लांब उभे रहा, कारण धोटा उडून लागतो. आवाजात बोलणं ऐकू येत नाही, म्हणून प्रश्न आधीच लिहून न्या. कामगाराला मजुरी कशी ठरते ते विचारा. आमच्याकडे ती पिकावर ठरते, म्हणजे कापडाच्या एका इंचात किती आडवे धागे पडले त्यावर. माग बंद राहिला तर मजुरी नाही. हे ऐकून आलात की १८११ पासून नॉटिंगहॅमशायरमध्ये यंत्रं फोडणारे लडाइट तुम्हाला अडाणी वाटणार नाहीत. ते सरसकट सगळी यंत्रं फोडत नव्हते. जे मालक मजुरी कापत होते, हलका माल काढून दर पाडत होते, त्यांची फोडत होते. सरकारनं १८१२ मध्ये यंत्र फोडण्याला फाशीची शिक्षा ठेवली.

तुमच्या वयाचं कलम

साक्षी-पुरावे कसे वाचायचे याला सगळ्यात चांगलं उदाहरण गिरणीतल्या मुलांचं आहे. १८३२ मध्ये ब्रिटिश संसदेच्या एका समितीनं गिरणीत काम केलेल्या लोकांच्या साक्षी घेतल्या. पहाटे जाणं, रात्री परतणं, झोप लागली की मार. त्या साक्षी वाचाच, पण तीन प्रश्न विचारून वाचा: प्रश्न विचारणारा कोण होता, त्याला कायदा हवा होता की नको होता, आणि मालकांच्या बाजूचं कुणी बोललं का? समितीचा अध्यक्ष मायकेल सॅडलर कामाचे तास कमी करण्याच्या बाजूचा होता. म्हणून साक्षी खोट्या ठरत नाहीत. त्या कशासाठी गोळा केल्या हे मात्र कळतं. लगेच दुसरी चौकशी झाली आणि १८३३ चा कारखाना कायदा आला. कापड गिरण्यांत नऊ वर्षांखालच्या मुलांना बंदी (रेशीम गिरण्या सोडून), नऊ ते तेराच्या मुलांना आठवड्याला ४८ तास, तेरा ते अठराच्या मुलांना दिवसाला बारा तास आणि आठवड्याला ६९ तास. देखरेखीला सगळ्या देशात चार निरीक्षक.

तुम्ही आठवीत-नववीत आहात, म्हणजे तेराच्या पुढे. हा सुधारणेचा कायदा झाल्यावरसुद्धा तुमच्याकडून दिवसाला बारा तास काम घेता आलं असतं. तुमच्या रविवारचं वेळापत्रक लिहा आणि त्यावर बारा तास आडवे मांडा.

तीन रकान्यांचा तक्ता

वहीची दोन पानं जोडून उभे तीन रकाने आखा: राज्यात काय, कारखान्यात काय, आपल्याकडे काय. तिसरा रकाना मी सक्तीनं भरायला लावते, कारण त्याशिवाय हा इतिहास दुसऱ्या ग्रहावरचा वाटतो. १७८८: फ्रान्समध्ये गारपीट, त्याच उन्हाळ्यात टिपू सुलतानाचे वकील सोळाव्या लुईच्या भेटीला व्हर्सायमध्ये, आणि ऑक्टोबरमध्ये मराठ्यांच्या फौजांनी दिल्ली परत घेतली. १७९४: फेब्रुवारीत फ्रेंच वसाहतींतली गुलामगिरी रद्द, जुलैत क्रांतीचा नेता रोबेस्पिएर गिलोटिनवर; पुण्याजवळ वानवडीला महादजी शिंद्यांचा मृत्यू. १८१८ मध्ये पेशवाई संपली, आणि १८१९ मध्ये मँचेस्टरच्या सेंट पीटर्स मैदानात मताचा हक्क मागायला जमलेल्या हजारो लोकांवर घोडदळ घातलं गेलं. पहिले दोन रकाने इथे एकमेकांत मिसळतात. मँचेस्टरसारख्या गिरण्यांच्या शहराला संसदेत स्वतःचा एकही प्रतिनिधी नव्हता आणि ओल्ड सॅरम नावाच्या ओसाड टेकाडाला दोन होते. १८३२ मध्ये हे बदललं, तरी कामगाराला मत मिळालं नाही.

पुढे तिसरा रकाना भरत जातो. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे आगगाडी. कावसजी नानाभाई दावर यांची मुंबईतली कापड गिरणी, स्थापना १८५४, कताई सुरू १८५६ मध्ये. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध, तिकडचा कापूस बंद, म्हणून आपल्या कापसाला सोन्याचा भाव आणि मुंबईत शेअरांचा सट्टा. युद्ध संपताच १८६५ मध्ये सगळं कोसळलं. १८८१ चा पहिला भारतीय कारखाना कायदा. १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांची संघटना काढली, आणि १० जून १८९० ला रविवारची सुट्टी मिळाली. १९०४ मध्ये विठ्ठलराव दातार यांनी इचलकरंजीत पहिला यंत्रमाग बसवला.

या तक्त्यातून एका माणसाची रेघ आडवी ओढून बघा, थॉमस पेन याची. जन्मानं इंग्रज. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या बाजूनं लिहिलं, मग फ्रेंच राज्यक्रांतीची बाजू घेतली, फ्रान्सच्या सभेवर निवडून गेला, राजाला मारू नका म्हणाला आणि तुरुंगात पडला. त्याचं मानवी हक्कांवरचं पुस्तक पुण्यात तरुण जोतीराव फुले यांनी वाचलं. १८७३ मध्ये त्यांनी 'गुलामगिरी' लिहिलं आणि ते अर्पण केलं अमेरिकेतल्या गुलामांची सुटका करणाऱ्या लोकांना. तिसऱ्या रकान्यात माझ्या वर्गातली मुलं हे सगळ्यात ठळक लिहितात, आणि लिहावंच.

उत्तर लिहिताना

'कारणे लिहा' असं आलं की आधी कच्च्यात दोन रकाने करा: बरीच वर्षं चालत आलेलं आणि त्याच वर्षी घडलेलं. करातली विषमता, कर्ज, नवे विचार हे पहिल्यात. गारपीट, पावाचा भाव, विणकरांची बेकारी, मतदानाचं भांडण हे दुसऱ्यात. दोन्हींमधून उचललंत की 'त्याच वर्षी का' याचं उत्तर येतं. प्रत्येक मुद्द्याला एक आकडा किंवा एक नाव द्या. 'करामुळे जनता त्रस्त होती' याच्याऐवजी कुठला कर, कुणाला माफ, हे लिहा. टीप चार गुणांची असेल तर सगळं कोंबू नका. जेनीवर टीप आली तर धोट्यापासून सुरू करा आणि आर्कराइटशी थांबा. परिणाम विचारले तर शेवटची दोन वाक्यं बाहेर राहिलेल्यांसाठी ठेवा.

तारखा पाठ करायच्याच आहेत, त्याला पर्याय नाही. पण तक्ता पूर्ण झाल्यावर करा, आणि आडव्या ओळीनं करा. १७६९ म्हटलं की वॉट, आर्कराइट आणि त्याच वर्षी जन्मलेला नेपोलियन. परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी पुस्तक मिटून फक्त तक्त्याचे रिकामे रकाने आखा आणि भरा. जो चौकोन रिकामा राहील तेवढंच पुन्हा वाचा.